मॅडमच्या मागून कोणी म्हटलं नाही

सुनीती मॅडम घरात भिऊन राहतात असं कोणी सांगितलं असतं, तर आमच्या वर्गातलं एकाही पोराने त्यावर विश्वास ठेवला नसता. पांढरकवड्यात, हायवेलगत, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही पाच जण स्पॅनिश शिकायचो. हैदराबादच्या फोन कंपन्यांत ही भाषा येणाऱ्याला नोकरी मिळते, एवढंच आम्हाला ठाऊक. मॅडम शिकवायला लागल्या की त्यांचा आवाज असा चढायचा की समोर माझ्या अब्बांच्या गॅरेजातले ट्रकवाले दचकायचे.

सगळ्यात जास्त आरडाओरडा ‘करू नको’च्या धड्याला. क्रियापदाच्या शेवटी ‘आर’ असेल तर तिथे ‘ए’ आणायचा, ‘एर’ किंवा ‘इर’ असेल तर ‘आ’. ग्रितार म्हणजे ओरडणं, म्हणून ‘नो ग्रितेस’, ओरडू नको. रोम्पेर म्हणजे तोडणं, म्हणून ‘नो रोम्पास’. एकाने लाटणं उगारून धावून यायचं, मॅडमनी हुकूम सोडायचा आणि मागून आम्ही सगळ्यांनी तोच हुकूम बोंबलायचा. गल्लीने कुरकुर केली तेव्हा मॅडम घरोघर जाऊन सांगून आल्या, की आवाज आला तरी काळजी करू नका, क्लास असतो.

त्यांच्या नवऱ्याने हे बरोबर ध्यानात ठेवलं. मंदारराव जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. एका वर्षी कापसाचा भाव कोसळला, बाजारात गाड्या पेटल्या, त्यांचं ऑफिस लोकांनी फोडलं, त्यांच्या डोक्यात दगड बसला. पुढे जिनिंगच बंद पडली आणि घर क्लासवर चालायला लागलं. ते त्यांना सोसेना. बाहेर मार खाऊन घरात मर्दुमकी दाखवणाऱ्या माणसाचा मला मनापासून तिटकारा आहे. मॅडम लांब बाह्यांचे ब्लाउज घालायला लागल्या. विचारलं की म्हणायच्या, “मोरीत पडले.”

शुक्रवारी क्लासला सुट्टी असायची. अशाच एका शुक्रवारी मी अब्बांचा डबा घेऊन गॅरेजात गेले, तर समोरून मॅडमचा आवाज आला, “नो पेगेस!” म्हणजे मारू नको. मागून कोणीच म्हटलं नाही. पुन्हा तेच, आणि काहीतरी फुटलं. नंतर कळलं, केस धरून नवरा त्यांना सांगायचा, ओरडायचं तर तुझ्या त्या भाषेत ओरड.

शेजारचे सदाशिवराव ओट्यावर पेपर वाचत होते. “आज क्लास लय जोरात हाये,” ते म्हणाले.

“काका, क्लासची पोरगी तं इथं उभी हाये!”

अब्बांनी माझा हात धरला. “जाऊ नको, बेटा. नवरा-बायकोचा मामला हाये.”

मी हात सोडवला आणि गॅरेजातला सगळ्यात मोठा पाना उचलला.

दाराची कडी जुनी होती, एका लाथेत निघाली. मॅडम फरशीवर पालथ्या, तोंड रक्ताने माखलेलं. तो पाठीत गुडघा रोवून त्यांच्या गळ्याभोवती इस्त्रीची वायर आवळत होता. आता त्यांना ओरडताही येत नव्हतं. मी पाना त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसरा डोक्यातच घालणार होते, तोच मॅडमनी माझा पाय धरला.

“मारू नको, तमन्ना,” त्या खोकत म्हणाल्या. “मरेल तो. तू जेलात जाशील.”

मला फार जड गेलं, पण मी थांबले.

दारात आता गल्ली जमली होती. अब्बाही आले होते. मंदार भिंतीला धरून उठायला लागला, तशी मॅडमनी गळ्यातली वायर काढून फेकली आणि माझ्या हातातला पाना घेतला. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला ‘अहो’शिवाय हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती.

“उठू नको, मंदार,” त्या म्हणाल्या.

पोलीस येईपर्यंत तो फरशीवरच बसून राहिला.