वायरमनमामांचा नकाशा

वायरमनमामा डोळे मिटून वायर ओळखत. करडी गावच्या भातगिरणीतल्या जुन्या पॅनलचं दार उघडलं की आत रंग उडालेल्या वायरींचं जंगल दिसे. मामा त्यात हात घालत, एखादी वायर हलकेच ओढत आणि सांगत, "हे पॉलिशरची. ते धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरची." नकाशा कुठे आहे विचारलं, तर स्वतःच्या कपाळावर टिचकी मारत.

दिवाळीनंतर मामा काम सोडून आसगावला, आपल्या शेतावर जाणार होते. म्हणजे नकाशाही जाणार. म्हणून मालकांनी मला बोलावलं. डिप्लोमा करून मी हेच काम धरलं होतं: लॅपटॉपवर सर्किट काढायचं, प्रत्येक वायरला नंबर द्यायचा, भागांची यादी करायची.

पहिल्या दिवशी मामा रुसूनच होते. "तुले सारं सांगून देल्यावर मले कोण विचारते?" मी पडद्यावरची, तांदूळ घासणाऱ्या पॉलिशरची मोटर माउसने धरली आणि उजवीकडे सरकवली. जोडलेल्या तिन्ही वायरी मुकाट्याने मागे गेल्या. मामा बघतच राहिले. "अजून एकदा कर." मग माउस त्यांनीच घेतला. मोटर वर, मोटर खाली, मोटर कोपऱ्यात. हसता हसता ते कोंड्याच्या पोत्यावर बसले. "तीस वर्षं मी वायरीच्या मागं फिरलो पोरी. इथं वायरच मोटरच्या मागं येऊन राहिली."

त्यानंतर त्यांना थांबवणं कठीण झालं. ते वायर ओढत, मी रेघ काढत असे. मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरला ते 'टकटक्या' म्हणत. यादीत दोन्ही नावं घातली तेव्हाच त्यांनी पुढची वायर सांगितली. धान्य चाळणाऱ्या सात बाया जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपभोवती जमत आणि मामा त्यांना मोटर सरकवून दाखवत.

शेवटी मी लॅपटॉपला पूर्ण नकाशा तपासायचा आदेश दिला. सगळं ठीक निघालं, फक्त एका जागी लाल खूण आली. धोक्याच्या वेळी पॉलिशर थांबवायच्या लाल बटनाची वायर कुठेच जोडलेली नव्हती.

"मशीन चुकते," मामा म्हणाले. "ते बटन मीच बसवलं."

आम्ही पॉलिशर सुरू केला. मामांनी बटन दाबलं. पॉलिशर फिरतच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं, तळहाताने, जोर लावून. मग हात खाली घेतला आणि एकदम म्हातारे दिसले. त्यांना आठवलं: कधीतरी हंगामाच्या घाईत बटन बिघडलं होतं. तात्पुरतं म्हणून त्यांनीच ते टाळून वायर सरळ जोडली, नवं बटन आल्यावर नुसतं वर बसवलं आणि आतली जोडणी विसरून गेले.

मालकांना हे कळलंही नसतं. पण मामांनी सगळ्या बायांना बोलावलं. "एवढे वर्षं तुमी या बटनाच्या भरवशावर काम केलं. ते नुसतं शोभेचं होतं. चूक माही आहे."

त्यांच्यातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, "मंग आता जोडा ना भाऊ. पाहत काहून उभे?"

मी नकाशावरून नंबर सांगत गेले, मामा जोडत गेले. तासाभराने बटन दाबलं आणि पॉलिशर गपकन थांबला. थोरल्या बाई म्हणाल्या, "मी पण दाबून पाहतो." मग दुसरी, मग तिसरी. सातही जणींनी रांग लावून एकेकदा पॉलिशर बंद पाडला. हसून हसून पदर तोंडाला लागले. मालक धावत आले, तर त्यांनाही बटन दाबायला लावलं.

दिवाळीनंतर मामा गेले. गेल्या महिन्यात फोनवर एक फोटो आला. वहीच्या पानावर पट्टीने आखलेला त्यांच्या शेतपंपाचा नकाशा. प्रत्येक वायरला नंबर. एका जागी मात्र रेघ तुटक, आणि खाली लिहिलेलं: 'इथं काय जोडलं ते आठवत नाई. उद्या खोलून पाहतो.'