यंत्राला न जुमानणारी हौसाक्का

नवा माणूस भेटला की हौसाक्का आधी त्याची पोटरी चाचपायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. वडील घोडेगावच्या बाजारात बैलांचे दलाल. जनावराची मांडी दाबून त्याची चाल सांगायला त्यांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. मी तिचा चुलतभाऊ. शर्यतीत मनगटाला मनगट दोरीनं बांधून तिच्याशेजारी धावायला सोबती हवा होता, तेव्हा माझी पोटरी दाबून ती म्हणाली, "दम हाय. डावा पाय जरा आळशी हाय, पर चालंल." मला राग आला. डावा खरंच आळशी होता.

एकदा स्नायूंची ताकद मोजायला तिला शहरात नेलं. तिनं यंत्रावर पाय रेटले, आकडे निघाले. तिथले साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "दिसत नसल्यानं यांची पावलं जपून पडतात. स्नायूंना झटक्यात जोर लावायची सवयच नाही. शंभर मीटरचा नाद सोडा, गोळाफेक करू दे त्यांना."

"सायेब, मी हितंच बसलेय," अक्का म्हणाली. "सवय न्हाई ना? मग लावू की."

आणि लावली. गावामागच्या टेकडीवर रोज सकाळी चढाच्या धावा, मग उड्या. पडशील गं, म्हणून बायका ओरडायच्या. "पडल्याबिगर जपून पाय टाकायचं सुटत न्हाई," हे तिचं ठरलेलं उत्तर. तिचे गुडघे वर्षभर सोललेलेच होते.

मग राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आली. सोबत्यानं ओढायचं नाही, रेष तिनं आधी ओलांडायची, एवढाच नियम. निम्म्या अंतरावर दोरी ताणली. मी मागे पडत होतो. जीव तोडून धावलो, तरी तिला माझं ओझं ओढावं लागलं. थोडक्यासाठी तिची जागा गेली.

मी मैदानावरच बसून रडलो. तिची वर्षभराची मेहनत माझ्या पायांनी मातीत घातली होती. तिनं चाचपडत दोरीची गाठ सोडली.

"रडू नको. आजवर समदी म्हनायची, हिला डोळं मागं वढत्यात. आज कळलं, तू वढत हुतास." ती चक्क हसत होती. "आता माझ्यापरीस जोरात पळनारा बघते. पुढच्या साली परत येनार हाय मी."

आठवड्यात तिनं नवा सोबती गाठला. दोघं टेकडीवर धावताना मी खालून चोरून बघायचो. पण गावात कुणी विचारलं, की मी आजही ताठ मानेनं सांगतो: अक्कानं मला काढलं, कारण मी तिला पुरा पडलो नाही.