गौरम्माची थंडी

थंडीला शिव्या घालण्यात गौरम्माचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. दिवाळी सरली की तिचे गुडघे धरायचे. ती लंगडत फिरायची आणि रोज बांधावरच्या आंब्याखाली जाऊन मान दुखेस्तोवर वर बघायची. मोहोराचा पहिला तुरा हमखास तिलाच दिसायचा. तो महादेवाला वाहून ती भर चौकात ओरडायची, "गेली गं बाई थंडी!" मग आम्ही घोंगड्या उन्हात टाकायचो. थंडी हाकलायचा मक्ताच होता तिच्याकडे.

निजामी राज्याच्या शेवटच्या हिवाळ्यात मात्र तिचं तोंड बंद झालं. तिच्या पोरानं, विरूपाक्षानं, चावडीवर तिरंगा लावला आणि शिपाई धावून आले तेव्हा चावडीच्या माळवदावरून उडी टाकली. पाय मोडला. तसाच सरपटत तो घरच्या ज्वारीत शिरला. पुरुषभर उंच, हिरवंगार पीक. आत माणूस असल्याचं बांधावरून कळायचं नाही. रात्री गौरम्माच तेवढी भाकरी घेऊन आत जायची. निजामाची हद्द लातूरच्या पश्चिमेला, आमच्या गावापासून दोन कोसांवर संपायची. पण मोडक्या पायाला तेवढं अंतर म्हणजे काशीच. शिपाई दिसेल त्या लंगड्या माणसाला अडवत होते. विरूपाक्ष सापडला असता तर जिवंत परतला नसता.

पाय सांधेपर्यंत ज्वारी उभी राहायला हवी होती. ऊन तापलं की ती पिकणार, पिकली की कापावी लागणार. म्हणून जन्मभर थंडीवर दात खाणारी ही बाई थंडी टिकावी म्हणून महादेवाला बेल वाहू लागली. थंडीही हटेना. लोक हैराण झाले, आणि ही पहाटेचं धुकं बघून सुस्कारा टाकायची. आंब्यावर पहिला तुरा दिसलाच. इकडेतिकडे बघून तिनं तो खुडला आणि पदराखाली घरी नेऊन चुलीत घातला. मोहोर जाळून ऊन थांबतं होय! पण ते तिला कोण सांगणार?

ओढ्यावर धुणं धुताना कुणीतरी म्हणालं, "अवंदा थंडी लई लांबली, गौरम्मा."

"लांबू दे की," ती फटकन बोलून गेली. बायांचे हात थांबले. "म्हंजी... गहू चांगला भरतोय," तिनं सारवासारव केली.

शेवटी दाणा भरलाच. शेजारची रानं मोकळी झाली, हिचीच ज्वारी तेवढी उभी. कापली नाही तर संशय, कापली तर पोरगं उघड्यावर. संध्याकाळी दीर संगप्पा विळा घेऊन आला. "वैनी, उद्या लावू." तेव्हा तिनं त्याला खरं सांगितलं.

संगप्पानं विळा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "चालतंय का पोरगं?"

"चालतंय. पर लंगडतंय."

दुसऱ्या दिवशी बोचरं वारं सुटलं. ज्वारीचे भारे डोक्यावर घेऊन बाया खळ्याकडं निघाल्या. वाटेत चौकी, खळं तिच्या पलीकडं, आणि पुढं हद्दीपर्यंत मोकळं रान. पुढं गौरम्मा, मागं संगप्पाची बायको महादेवी आणि मधे महादेवीचं लुगडं नेसलेला विरूपाक्ष. भाऱ्याची कणसं त्याच्या छातीपर्यंत लोंबत होती. शिपायानं काठी आडवी घातली.

"ये बीचवाली लंगडती कायकू?"

गौरम्मा दोन पावलं त्याच्याकडं गेली, आपल्या नेहमीच्या वाकड्या चालीनं. "मी बी लंगडतेच की, साहेब. भाची हाय माझी. आमच्या घरात समद्या बायांचे गुडघे थंडीत धरतेत. वारं बगा की कसलं हाय!"

शिपाई स्वतःच कांबळ्यात गुरफटलेला होता. "कंबख्त सर्दी," असं पुटपुटत त्यानं काठी खाली घेतली.

खळ्यावर भारा टाकून विरूपाक्ष तसाच पुढं गेला. चौकीवरून दिसेल म्हणून गौरम्मानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कणसं खुडत बसली.

राज्य गेलं तेव्हा तो धडधाकट परत आला. गौरम्माचे गुडघे मात्र मरेपर्यंत धरत राहिले. पण थंडीला शिवी तिनं पुन्हा दिली नाही. दुसऱ्या कुणी दिली तर तिचे डोळे भरून यायचे.

"नावं ठिवू नका गं तिला," म्हणायची. "माझं लेकरू राखलंय तिनं."