दिवेलागणीचं विरजण

मुनीर सरांना सांज कळायचीच नाही. घाटनांदूरला कॉम्प्युटर शिकवायचे, आमच्या शेजारी एकटेच राहायचे. नेमके दिवेलागणीला वाटी घेऊन दारात. आता आमच्यात दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. मी म्हणायचे, "सर, दिवे लागले." ते म्हणायचे, "मावशी, माझ्या घरात लाईट गेलीय. माझी सांज अजून व्हायचीय!" मग हसत द्यावंच लागायचं. पण त्यांच्या दारी कुणी मागायला आलं, तर त्याच दह्यातलं पुढं द्यायचे. "नेलेलं विरजण अडवू न्हाई," हे त्यांचं पालुपद.

आमचं बायकांचं दूध संकलन केंद्र. धारा आम्ही काढायच्या, दूध आम्ही घालायचं आणि पावतीवर नाव नवऱ्याचं! माझे मालक जाऊन वर्षं झाली, तरी पावतीवर दूध तेच घालत होते. पावत्यांचा प्रोग्राम देणारी कंपनी म्हणे, त्यात बाईचं नाव घालायची सोय नाही. सरांनी शोधून काढलं, की कंपनीचा प्रोग्राम लोकांनी खुल्या ठेवलेल्या कोडवरच बेतलाय. कोड म्हणजे त्याची कृतीच समजा. खुला ठेवणाऱ्यांची अट एकच: प्रोग्राम ज्याला द्याल, त्यानं मागितली तर कृतीही द्यायची.

सरांनी केंद्राच्या वतीनं मागितली. कंपनीनं लई टोलवाटोलवी केली. शेवटी त्यांचा साहेब फोनवर म्हणाला, "तुमच्या केंद्रापुरतं बदलून देतो. कोड मागू नका."

"साहेब," सर म्हणाले, "विरजण गावाचं नेलं, दही लावलं, झकास! आता मडक्याला कुलूप कावून?"

मला तर रागच आला. "घ्या की करून! माझं नाव येतंय ना?"

"तुमचं येईल, मावशी. धर्मापुरीच्या केंद्रातल्या बायांचं?"

सर मागत राहिले. अखेर कोड आला. त्यांनी स्वतः बसून बदल केला, आणि माझी पहिली पावती निघाली. नाव काय? 'मावशी'! केंद्रातल्या बाया हसून लोळल्या. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "इतकी वर्षं विरजण नेलं, नाव इचारलंच न्हाई की!"

दुसऱ्या पावतीवर 'कौसल्या' आलं. पहिली मी देव्हाऱ्यात ठेवलीय.

सर गेले त्याला वर्ष होईल. परवा धर्मापुरीची एक बाई आली, त्यांच्या केंद्रासाठी तो कोड न्यायला. नेमकी दिवेलागणीला. सून माझ्याकडं बघायला लागली. मी देव्हाऱ्यातल्या दिव्याला हात जोडले आणि कोडचा पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला.

"अडवू नको हं कुणाला," म्हटलं. "आणि नाव काय गं बाई तुझं?"