खांद्याचा घट्टा

सुनील पिकअप घेऊन गेला, तेव्हा ट्रॉली मागेच राहिली. घाईत सोडून गेला असेल, किंवा मागे काही ओढत न्यायचं त्याच्या मनात नसेल. जनरेटर बसवलेली ती दोन चाकांची ट्रॉली अंगणातल्या लिंबाखाली उभी होती. पुढचा दांडा मातीत टेकलेला. पाण्यासाठी वाकावं आणि खाली पाणीच नसावं, अशा जनावरासारखी ती दिसे. ट्रॉलीबरोबर घरात आणखी दोघं मागे राहिली: सुनीलचा बाप गहिनीनाथ आणि सुनीलची बायको मोनिका.

जामखेडच्या अलीकडचं गाव. अशा गावात आधी म्हणतात, पोरगं कंपनीत गेलंय. मग कुणीतरी त्याला चाकणला एका बाईबरोबर पाहिलेलं असतं. मग त्याचं नावच निघेनासं होतं. पारावर मात्र एक वाक्य उरलं होतं. "साऱ्या तालुक्याच्या बैलांचे दात मोजले गहिनीनानानं, घरच्या खोंडाचं तोंड तेवढं उघडून बघायचं राह्यलं."

गहिनीनाथ ते ऐकून घेई. वाक्य खरं होतं, आणि बांधलेलंही चांगलं होतं.

तो बैलांचा पारखी होता. काष्टीचा बाजार असो की जामखेडचा, बैल घ्यायला निघालेला माणूस आधी त्याच्या दारात यायचा. दोनदाती, चारदाती, सगळे दात येऊन जुळलेला, हे कुणीही सांगेल. गहिनीनाथ दात सगळ्यांत शेवटी बघायचा. आधी तो बैलाच्या मानेमागे, जिथं जू बसतं तिथं तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचा. ओढून ओढून तिथली कातडी जाड होते, केस झडतात, घट्टा पडतो. "दात वय सांगत्यात," तो म्हणे, "खांदा इमान सांगतो." बिनघट्ट्याचा देखणा बैल कुणाला आवडला तर हा पुढे चालू लागे. "मखरात बसवायचा असंल तर घे बाबा. मी येतो."

मग ट्रॅक्टर आले. गोठे रिकामे झाले, त्यांत मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. गहिनीनाथच्या घरची शेवटची जोडी गेली, बायको चांगुणा गेली, आणि आता पोरगा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, त्या दिवशी तो अजूनही वाटीत तूप काढायचा. मग त्या तुपाचं काय करायचं ते त्याला सुचायचं नाही. मोनिका ते संध्याकाळी भातावर वाढायची.

मोनिका बोलायची कमी, पण तिला गाडी येत होती. सुनीलबरोबर लग्नांना जाता जाता शिकली. जनरेटर चालू करणं, डिझेल बघणं, मांडवाच्या मागे कुठं उभा केला म्हणजे आवाज नवरदेवाच्या कानात जात नाही, हे सगळं ती करायची. सुनील नुसता हिशोबाला आणि नाचायला. तो गेल्यावर मंडपवाल्यांचे फोन तिलाच येत राहिले.

एका सकाळी तिनं चहा ठेवला आणि उभीच राहिली. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"मामा, लगीनसराई तोंडावर आलीय. ट्रॉली फिरली तर मी हितं राहू शकते. नाय फिरली तर मला माहेरी जावं लागंल. भाऊ बोलावतोय."

"मंग?"

"मंग गाडी घ्यायची. जुनी, पण वढणारी. माझं सोनं हाय." गळ्यातल्या काळ्या मण्यांवर तिचा हात गेला आणि खाली आला. "हे सोडून."

गहिनीनाथनं चहा प्यायला. गेल्या वर्षीपासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मी येतो बघायला," तो म्हणाला.

कर्जत रोडला राधाकृष्णशेठचा जुन्या गाड्यांचा अड्डा होता. तारेच्या कुंपणात गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या काचेवर चुन्यानं साल लिहिलेलं. गहिनीनाथला एकदम बाजारात आल्यासारखं वाटलं. फक्त शेणाचा वास नव्हता, आणि एकही जनावर त्याच्याकडे मान वळवून बघत नव्हतं.

मोनिकानं माहेरच्या गावच्या सम्राटला बोलावून घेतलं होतं. त्याचं कर्जतला गॅरेज. तिशीचा, हसरा, बोटांच्या पेरांत कायमचं काळं ऑइल.

"नमस्कार नाना. तुमी बैलांचे डॉक्टर, मी गाड्यांचा. आज फी कुनी घ्यायची?"

"बैल बोलत न्हाई, तुझी गाडी वरडती. तुझं काम सोपं हाय," गहिनीनाथ म्हणाला. सम्राट मोठ्यानं हसला. मोनिकासुद्धा किंचित.

बघायच्या दोन पिकअप निघाल्या. पहिली पांढरी. एका डेअरीवाल्यानं दुधाच्या कॅनसाठी वापरलेली. सम्राट तिच्या खाली आडवा झाला, वर आला, बॉनेट उघडून कान लावला. "एकहाती गाडी हाय नाना, मालक एकच. वजन वाह्यलंय, पन बेतानं. मागं हूक न्हाई, तो मी बसवून देतो. पट्टा टाकून, नीट."

"म्हंजी हिनं कधी मागं काय वढलंच न्हाई?"

"तेच तर चांगलंय."

गहिनीनाथ दुसरीकडे गेला. ती मूळची निळी असावी. आता तिला रंग उरला नव्हता. पण मागे जाड पत्र्यावर वेल्डिंग केलेला हूक होता, आणि तो हूक आतून झिजून आरशासारखा चकाकत होता. किती ट्रॉल्यांचे दांडे त्यात अडकून फिरले असतील! गहिनीनाथनं त्याच्यावर तळहात ठेवला. हात आपोआप गोल फिरला. डोळे मिटले गेले. त्याला काष्टीची धूळ दिसली, घुंगरांचे आवाज आले, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणारे हात दिसले, आणि त्या सगळ्या गर्दीत आपण कुणीतरी आहोत असं फार वर्षांनी वाटलं.

"घट्टा पडलाय," तो म्हणाला. "ही वढणारी हाय."

राधाकृष्णशेठनं लगेच शब्द धरला. "याला म्हनत्यात पारख! नाना, तुमी पहिलं गिऱ्हाईक, ज्यानं टायर बघायच्या आधी हूक बघितला."

सम्राटचं हसू गेलं होतं. तो निळीच्या खालून आला ते हात पुसत. "नाना, बैलाला घट्टा पडतो, तो त्याचं हाड वाचवायला. कातडी जाड व्हती, रातभर बसला की बैल भरून येतो. लोखंड भरून येत न्हाई. जेवढं वढलं तेवढं ते गेलं."

"ज्यानं कधी वढलं न्हाई त्याला वढायला शिकवायचं कुनी? तू?"

"बरं, एक करू. ट्रॉली घेऊन येऊ, हिला लावू, म्हसोबाच्या चढनीला नेऊ. मंग तुमी म्हनाल ते."

शेठ घड्याळाकडे बघत म्हणाला, "न्या की. फकस्त संध्याकाळी दुसरी पार्टी येनार हाय हिच्यासाठीच. मी थांबा म्हनू शकत न्हाई."

बैल घेताना गहिनीनाथ बैलगाडीची चाकं दोरानं बांधायचा आणि बैलाला ती ओढायला लावायचा. तशी ओढ बघितल्याशिवाय त्यानं कधी कुणाला सौदा करू दिला नव्हता. पण त्याचा हात अजून हुकावर होता. "गरज न्हाई," तो म्हणाला.

मोनिकानं निळी एकदा रस्त्यावर फिरवून आणली. उतरली, चावी मुठीत धरून उभी राहिली. सम्राट तिच्याकडे बघत होता. ती सासऱ्याकडे बघत होती.

"काय म्हनती गं?" गहिनीनाथनं विचारलं.

"मामा म्हनतील ती," मोनिका म्हणाली.

पहिली दोन लग्नं सपाटीवरची होती. ती पार पडली. गहिनीनाथ पुढच्या सीटवर बसून जाई, मांडवात जेवे, ओळखीच्यांना निळी दाखवी. पारावर वाक्य बदललं नाही, पण हळू आवाजात आलं.

तिसरं लग्न म्हसोबाच्या चढणीपलीकडच्या गावात होतं, गोरज मुहूर्ताचं. दुपार उतरताना निघाले. चढण लागली, मोनिकानं गिअर टाकला, इंजिन मोठ्यानं गर्जलं आणि गाडी मात्र पुढे जाईना. आवाज वर, चाकं खाली. मग जळका वास आला, करपलेल्या चामड्यासारखा. ट्रॉलीनं गाडीला मागे ओढायला सुरुवात केली. मोनिकानं ब्रेक दाबून धरला.

"मामा, दगड! चाकामागं दगड लावा!"

तो उतरला. दगड शोधला, ट्रॉलीच्या एका चाकामागे लावला, दुसऱ्यामागे लावला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं ट्रॉलीच्या मागच्या पत्र्याला खांदा दिला आणि ढकलू लागला. ट्रॉली हलणार नव्हतीच. जनरेटरचं वजन त्याच्या खांद्याच्या हाडावर बसलं. आत काहीतरी सरकलं, तरी तो ढकलत राहिला. शेवटी मोनिकानं येऊन त्याला बाजूला ओढलं. तोवर चढणीपलीकडे सनई वाजू लागली होती. मंडपवाल्याचा फोन वाजत होता. मोनिकानं तो एकदा उचलला, ऐकून घेतलं, ठेवला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला नाही.

मोनिकानं बोलावलेला सम्राट आला तेव्हा थोडा उजेड होता. तो खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा त्यानं गहिनीनाथकडे बघायचं टाळलं.

"क्लच जळालाय. ते करता येतं. पन हुकाच्या वर चेसिसला चीर गेलीय, जुनी. त्यावर वेल्डिंग, वेल्डिंगवर रंग. परत तडकलीय. मोकळी चालंल ताई. भाजी वाहा, चारा वाहा. मागं काय लावू नका. कुनाचा तरी जीव जाईल."

गहिनीनाथ रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता, उजवा हात डाव्या हातात धरून. सम्राट फोनवर ट्रॅक्टर बोलवायला लांब गेला, तेव्हा गहिनीनाथनं मोनिकाला विचारलं.

"तू चालवून आनली व्हतीस. तुला कळलं न्हाई?"

मोनिका त्याच्या शेजारी बसली. "थोडं कळलं हुतं. इंजिन वरडत हुतं आन गाडी मागं राहत हुती."

"मंग बोलली का न्हाईस?"

ती उठून ट्रॉलीच्या चाकामागचा दगड नीट बसलाय का ते बघून आली. परत बसली.

"ते गेल्यापास्नं तुमी भिंतीसारखे झाला हुता मामा. त्या दिवशी हुकावर हात ठिवला आन तुमचं तोंड माणसासारखं दिसलं. मला वाटलं, एक सीझन तर काढंल. तेवढ्यात तुमी उभे राहाल. मला वाटलं हुतं."

तिनं वाईट चिंतलं नव्हतं. तेच त्याला सहन होईना. फसवणारा राधाकृष्ण परवडला असता. बाजारात फसवणारे असतातच, त्यांच्यावर ओरडता येतं. ही पोर आपलं सोनं त्याच्या एका तळहाताखाली ठेवून गप्प राहिली होती. तो सुनीलचा बाप होता. सुनीलनंही तिच्याकडून असंच काहीतरी घेतलं असणार, आणि तेव्हाही ती बोलली नसणार.

उरलेल्या तारखा मंडपवाल्यांनी दुसऱ्यांना दिल्या. मोनिकाचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉली त्याच्या मागे लावली, वर तिची पेटी, शिलाई मशीन, एक गादी. माहेरच्या भागात तिचं काम चालेल, असं भाऊ म्हणाला. ट्रॅक्टर होताच.

"मामा, तुमीपन चला," मोनिका म्हणाली. तिनं ते भावासमोर, मोठ्यानं म्हटलं. "एक खोली हाय मोकळी."

"सुनंच्या माहेरी सासरा राहातो व्हय कुटं? लोक काय म्हनतील?"

"लोक आजपन म्हनत्यातच की."

"जा तू. येळ झाला."

ती त्याच्या पाया पडली. पायांवर तिचे हात जरा जास्त वेळ राहिले. मग ट्रॅक्टर गेला. ट्रॉली वळणावर एकदा डावीकडे डोलली, सरळ झाली आणि दिसेनाशी झाली.

निळी पिकअप लिंबाखाली उभी राहिली, ट्रॉलीच्याच जागेवर. पाऊस आला, गेला. तिच्या टपावर लिंबोळ्या पडून वाळल्या. मोनिकाचा फोन आठवड्याला येई. जेवला का, दवाखान्यात गेला का. खांद्याचं तो तिला सांगत नसे. उजवा हात आता छातीच्या वर जात नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं सवयीनं वाटीत तूप काढलं, हळद कालवली. वाटी घेऊन तो पिकअपच्या मागे गेला. हुकावरची चकाकी गेली होती. तांबड्या गंजाचा पातळ थर चढला होता. त्यानं तळहात ठेवला. डोळे मिटले नाहीत. हात उचलला तेव्हा तळव्यावर तांबडं उमटलं होतं.

तो ओट्यावर येऊन बसला. शर्टाची वरची बटणं काढली. डाव्या हाताची बोटं तूप-हळदीत बुडवली आणि उजव्या खांद्याला, मागच्या बाजूला, जिथं ट्रॉलीचा पत्रा बसला होता तिथं न्यायला गेला. बोटं पोचली नाहीत. त्यानं थोडं वाकून पाहिलं, भिंतीला पाठ टेकून पाहिलं. तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बैल कसे शांत उभे राहायचे, दुसऱ्याचा हात फिरेपर्यंत, एवढंच त्याला आठवत राहिलं.