हॉर्नचा रिले

एसीच्या गार हवेला धुळीचा वास आला, की मला भडगावचा रस्ता आठवतो. मे महिन्यातली दुपार होती. पिकअपचा एसी सारखा बंद पडत होता आणि शेजारी आजारी आई घामाघूम झाली होती. एसीचा रिले, म्हणजे त्याला वीज जोडणारा छोटा स्विच, गेला होता. हॉर्नचा रिलेही तसाच असतो, म्हणून मी तो काढून एसीला लावला. गार हवा येताच "आते बरं शे," म्हणत आईने डोळे मिटले. पुढे एक आबा रस्त्याच्या मधून सायकल चालवत होते. आमच्याकडे आधी हॉर्न दाबतात, मग ब्रेक. मी हॉर्न दाबला. आवाजच आला नाही, आणि ब्रेक लागेपर्यंत गाडी सायकलवर गेली होती. आबांनी शेवटपर्यंत मागे बघितलं नाही. आता रोज गाडी काढण्याआधी मी अंगणातच हॉर्न वाजवून बघतो. तो वाजतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर आबा मागे वळून बघतात.