बुटांच्या खोक्यांची परेड

शाळेत उभा जन्म गेलेल्या दोन बाया नारायणगुड्याच्या बाजारात भेटल्या की हातातली कोथिंबीर सुकते, पण बोलणं संपत नाही. किस्से आम्ही मुद्दाम जमवत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात आणि टाकून द्यायचा धीर होत नाही. माझ्याकडचा सगळ्यात मोठा गठ्ठा चित्ररथांचा, आणि तोही एकाच वर्षाचा.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. गच्चीगच्चीवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघत होत्या. हैदराबादेतली आमची मराठी शाळा जुन्या वकिलांच्या, सरकारी नोकरांच्या आणि मास्तरांच्या घरांवर चालायची. आता त्याच घरांतली मुलं टाय लावून रिक्षात बसत होती. एक दिवस संस्थेचे सेक्रेटरी आले आणि उभ्या उभ्या सांगून गेले, "जूनमध्ये पहिलीला पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर पहिली बंद."

आमच्या हेडमिस्ट्रेसना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या मला म्हणाल्या, "आज पहिली बंद, पुढच्या वर्षी तुमची दुसरी. मग घरी बसून तुम्ही लोणची घाला, मी पापड लाटते."

दर सव्वीस जानेवारीला आमची दुसरीची मुलं छोटे चित्ररथ करायची. दिल्लीला निघतात तसेच, फक्त बुटांच्या खोक्यांचे. खाली सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांची चाकं, पुढे दोरी, आणि दोरीला मूल. आजवर हे कौतुक आमचं आम्हीच करत होतो. त्या वर्षी मोठ्या बाईंनी ठरवलं की फाटक सगळ्यांना उघडं ठेवायचं. लहान मुलं घेऊन लोकांनी यावं, बघावं आणि जमलं तर पहिलीत नाव घालावं.

सगळी भिस्त खोक्यांवर होती.

*

मी वर्गात सांगितलं, "उद्या घरून बुटांचं खोकं आणा." रिकामं आणा, हे सांगायचं राहिलं. सात वर्षांच्या मुलांना जेवढं सांगाल तेवढंच ती करतात.

दोन दिवसांनी शाळा भरता भरता सुधा नावाच्या मुलीचे वडील आले. हायकोर्टात वकील. अंगात काळा कोट, गळ्यात पांढरे बँड, आणि पायात न्हाणीघरातल्या निळ्या चपला.

"बाई, खोकं तुम्हाला ठेवा. आतला माल तेवढा परत द्या. साडेअकराला माझी केस आहे."

मी सुधाला हाक मारली. तिने अभिमानाने आपला चित्ररथ आणून दाखवला. निळ्या कागदाचा हुसेनसागर तलाव, त्यात खळीने घट्ट बसवलेल्या दोन नावा. नावांना पांढरा रंग दिलेला, आत चिंध्यांची माणसं बसलेली. नावांच्या नाड्या मात्र नीट बांधलेल्या होत्या.

वकीलसाहेबांनी बराच वेळ हुसेनसागर न्याहाळला. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चपला फटक फटक वाजवत निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तेच दारात हजर. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "छे छे, केस जिंकलो. समोरच्या वकिलाचं सगळं लक्ष माझ्या पायांकडे होतं."

*

त्यानंतर घरून खोकी मागवायची सोय राहिली नाही. मीच कोठीच्या बाजारात गेले. बुटांच्या एका मोठ्या दुकानात शिरले, बसले, पंख्याचा वारा घेतला आणि वर्गाला पुरतील एवढी रिकामी खोकी मागितली.

म्हातारे दुकानदार गल्ल्यामागून उठून बाहेर आले आणि थोरल्या बहिणीला हाक मारावी तसे म्हणाले, "बाजी, जूते उधार मांगनेवाले रोज आते. बगैर जूते के डब्बे मांगनेवाले आपीच देखे."

"बच्चों के लिए हैं," मी म्हटलं.

"हौ, वो तो है. मगर मेरे जूते अब किसमें जाते?"

तरी त्यांनी दिली खोकी. त्या आठवड्यात कोठीत ज्यांनी ज्यांनी त्या दुकानातून बूट घेतले, ते सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेत होते.

*

पुण्याहून नवीन आलेलं एक कुटुंब विद्यानगरला राहायचं. वडील कंप्युटरच्या कंपनीत. त्यांचा मुलगा निखिल याने घरून अग्निबाण आणला. चंदेरी कागद, लाल दिवे, आत बॅटरीची मोटर. दोरी ओढायची गरजच नाही, बटण दाबलं की आपण पळायचं त्याच्या मागे.

मोठ्या बाईंनी निखिलला जवळ घेतलं. "छान झालाय रे. यात तू काय केलंस?"

"बाबांनी मला हातच लावू दिला नाही," निखिल म्हणाला, "पण मी रडलो नाही."

वडील तिथेच उभे होते. ते घाईघाईने म्हणाले, "म्हणजे आयडिया त्याची आहे."

मोठ्या बाईंनी अग्निबाणातली बॅटरी काढून घेतली, त्याला दोरी लावली आणि त्याच दिवशी फर्मान काढलं. चित्ररथ शाळेतच करायचे, मधल्या सुट्टीनंतर, आणि घरच्यांनी वर्गात पाऊल टाकायचं नाही. वर्गाला खिडक्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

*

खिडक्यांपाशी मुलांच्या आया येऊन उभ्या राहू लागल्या. "चिकटव ना रे, दाबून धर," अशी कुजबुज शाळा सुटेपर्यंत चालायची. पण खरा ताप होता तो अनंतच्या आजोबांचा. ते निजामाच्या वेळेपासून सरकारात पूल बांधत आलेले, आता रिटायर. अनंत मुसी नदीवरचा पूल करत होता, आणि आजोबा गजांतून काठी आत घालून त्याला कमानी दाखवत होते.

"असा पूल नसतो. पाया बघ आधी. हा पडणार."

अनंत काड्या लावत राहिला. पूल पडला. आजोबा म्हणाले, "बघ, सांगितलं होतं." त्याने पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी आजोबांचा आवाज चढला. "अरे, पूल पडतो म्हणजे काय? लाज वाटली पाहिजे."

अनंतने मान वर केली. "आजोबा, तुमचा पडला तेव्हा तर तुम्हाला प्रमोशन मिळालं होतं. आजी सांगते."

काठी हळूहळू मागे गेली. दुसऱ्या दिवसापासून ती खिडकी मोकळी होती.

*

मध्येच सेक्रेटरीसाहेबांचा निरोप आला. बाहेरचे लोक येणार आहेत, तर एक तरी चित्ररथ नव्या आर्थिक धोरणावर हवा. दुसरीच्या वर्गात नवं आर्थिक धोरण! मला स्वतःला ते समजलं नव्हतं, पण वरून आलेला शब्द. मी मुलांना सांगितलं, "पूर्वी बाहेरच्या लोकांना आपल्याकडे यायला बंदी होती. आता सरकार म्हणतंय, या."

मंगला नावाच्या मुलीने हात वर केला. तिने आठवडाभर खपून खोक्याचं घर केलं. दार सताड उघडं, आत ओळीने बसलेले मातीचे पाहुणे, प्रत्येकापुढे बटणाची ताटली. अगदी मागे, खोक्याच्या कोपऱ्यात, एकच बाहुली उभी.

"ही कोण?" मी विचारलं.

"आई. पाहुणे आले की तिला बसायला मिळत नाही."

मी तो चित्ररथ जसाच्या तसा ठेवला. पुढे नव्या धोरणावर पेपरांतून पुष्कळ वाचलं, पण माझ्या डोक्यात आजही तेच घर आहे.

*

आणि मग सव्वीस जानेवारी.

झेंडावंदन झालं. मैदानाच्या कडेने खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्या भरल्याही होत्या. आयांच्या मांडीवर चार-पाच वर्षांची पोरं होती. मोठ्या बाई त्या पोरांकडे अशा बघत होत्या की मला भरून आलं. पहिल्या रांगेत सेक्रेटरीसाहेब, आणि शेजारी बो लावून बसवलेला त्यांचा नातू. त्याच्यासाठी एका बड्या इंग्रजी शाळेत जागा धरून ठेवली होती. घरात त्याच्याशी सगळे इंग्रजीतच बोलायचे.

आमचा शिपाई यादगिरी याने ढोल वाजवला आणि परेड निघाली. सगळ्यात पुढे सुधाच्या नावा. कडुनिंबाजवळच्या वळणावर त्यांचं एक बूच निसटलं आणि हुसेनसागर जागीच बसला. मागून अनंतचा पूल येऊन धडकला. तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण निखिलच्या वडिलांनी सकाळी हळूच अग्निबाणात पुन्हा बॅटरी घालून दिली होती. तो सुसाट आला आणि बाकीच्यांच्या दोऱ्या चाकांत गुंडाळत गर्दीच्या मधोमध घुसला. पाहुणे हुसेनसागरात पडले, पूल मंगलाच्या घरावर पडला, आणि वर्गाच्या सगळ्या चित्ररथांचा मिळून एकच ढीग झाला.

सेक्रेटरीसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मी मनात लोणच्याच्या बरण्या मोजायला लागले.

सुधाने कमरेवर हात ठेवून ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुटत नाही ते. सगळे मिळून ओढा."

मुलांनी हाती लागेल ती दोरी धरली, "हेइसा" म्हटलं, आणि तो अख्खा ढीग खरडत, घसटत पुढे सरकू लागला. लोक हसायचं की नाही या विचारात होते. इतक्यात पहिल्या रांगेतून बो लावलेला नातू उठला, धावत गेला आणि त्याने एक दोरी पकडली. मग मांड्यांवरची पोरं एकेक करून खाली उतरली. आया हाका मारत राहिल्या, पोरं ऐकेनात. ढीग मैदानाला पूर्ण चक्कर मारून झेंड्याखाली येऊन थांबला. तरी कुणी दोरी सोडीना.

सेक्रेटरीसाहेब नातवाजवळ गेले. "कम बेटा. लीव्ह इट. वुई विल गो होम."

नातवाने दोरी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "नक्को. माझी शाळा आहे."

हे मराठी त्याला कुणी शिकवलं, कोण जाणे. खुर्च्यांवरचे सगळे लोक साहेबांकडे बघत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि पुन्हा वाकून हात पुढे केला. नातू दोरीसकट खाली बसला.

मोठ्या बाई सावकाश चालत तिथवर गेल्या, पदर सारखा केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, नाव काय लिहू?"